थारची दारं म्हणजे ॲक्सेसरी नव्हे

रविवारी ताईकडे जेवायला गेलो, तर अंगणात भाच्याची महिंद्रा थार दारांशिवाय उभी. दारांच्या जागी काळ्या पाइपांच्या चौकटी. हे काय म्हणून विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. मेसेज असा: ‘ऑफरोड गाडीची दारं ॲक्सेसरी असतात, काढायला परवानगी लागत नाही. अमेरिकेत सगळे काढतात. पाइपाचं दार तितकंच मजबूत. आरसा पुढच्या काचेच्या चौकटीला लावा. पोलीस फार तर पाचशेची पावती फाडतील.’

संध्याकाळी हाच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. म्हणून लिहितोय.

आधी पाइपाचं बघू, कारण जीव तिथे जाणार आहे. कंपनीच्या दारात पत्र्याच्या आत आडवी पोलादी पट्टी असते. दार बंद झालं की ते पुढच्या आणि मधल्या खांबाला धरून राहतं. बाजूने धडक बसली तर मार सगळ्या सांगाड्यावर वाटला जातो. पाइपाची चौकट दोन बिजागऱ्यांवर लोंबते आणि एका खटक्यावर बंद होते. मी पाइपांच्या मधून हात घातला, कोपरापर्यंत सहज गेला. भाच्याची चार वर्षांची लेक पुढे आईच्या मांडीवर बसते (तेही चूकच). गेल्या आठवड्यात इंदूरजवळच्या चोरलला जाताना सिमरोलच्या पुढच्या घाटात तिची एक चप्पल त्याच फटीतून रस्त्यावर पडली. घरात हे हसत सांगत होते. त्या रस्त्यावर खंडव्याचे ट्रक अगदी अंगावरून जातात! 2020 साली गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने थारला पाचपैकी चार तारे दिले, ते दारं लावलेल्या गाडीला.

आता अमेरिका. जीप रँगलरची दारं निघावीत अशीच बनवलेली असतात, हे खरं. पण त्याच रँगलरच्या मालकासाठीच्या पुस्तिकेत जीप कंपनीच बजावते की दारं काढून सार्वजनिक रस्त्यावर चालवू नका, ही सोय फक्त ऑफरोडसाठी आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते पान उघडलेलं दिसत नाही. शिवाय थार म्हणजे रँगलर नव्हे. तिच्या दारात काचेची मोटर, वायरिंग आणि बाहेरचा आरसा असतो.

परवानगी लागत नाही? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. आणि पाचशेची पावती विसरा: कलम 182ए प्रमाणे प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

काचेच्या चौकटीला लावलेला आरसा खड्ड्यात थरथरतो, मागचं काही नीट दिसत नाही. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

एक मान्य करावं लागेल. अनेक जुन्या जीपा कॅनव्हासच्या दारांनिशी यायच्या. त्या तशाच बनल्या आणि तशाच नोंदल्या गेल्या. आणि खासगी शेतात, पायी चालण्याच्या वेगाने चाक कुठे पडतंय ते बघायला उघडी बाजू सोयीची, हेही खरं. पण शेतापर्यंत जायला रस्ता लागतोच.

भाच्या, तुझी दारं माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहेत. एकट्याने उतरवू नकोस, शनिवारी सकाळी मी येतो.