‘जॉइन’ आपल्या ‘योजन’वरून आला? नाही हो

‘इंग्रजांनी आपल्या योजनवरून जॉइन उचलला. त्याचा अर्थ एकच, जोडणे. म्हणून जॉइन झालो म्हणू नका, शुद्ध मराठीत रुजू झालो म्हणा.’ हा मजकूर आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय.

उचलला वगैरे काही नाही. जॉइन इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘युंगेरे’वरून. हे ‘युंगेरे’ आणि ज्यातून ‘योजन’ आला तो संस्कृत धातू ‘युज्’ (दोन्हींचा अर्थ जोडणे) ही भावंडं आहेत, बापलेक नव्हेत. दोघांचं मूळ त्याहून जुन्या भाषेत आहे. 1786 साली कलकत्त्यात संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही.

गंमत ‘ज’ची आहे. लॅटिनमध्ये तिथे ‘य’ होता, फ्रेंचांच्या तोंडी त्याचा ‘ज’ झाला. आपणही तेच केलं, पण आपलं आपण: यंत्राचं जातं, यात्रेची जत्रा आणि ‘युग’चं, म्हणजे बैलांच्या मानेवरचं, जू. इंग्रजांच्या घरच्या ‘योक’ने मात्र ‘य’ सोडला नाही, अर्थ तोच, जू. भुसावळचं जंक्शनही ‘युंगेरे’च्याच कुळातलं. (‘जंक्शन भूक’ ही भर आपली.)

अर्थ एकच? चहाला जॉइन होणं म्हणजे सोबत बसणं. सैन्य जॉइन करणं म्हणजे भरती होणं. रांग जॉइन करायची तर शेवटी जाऊन उभं राहायचं. ‘मी बँकेला जोडलो’ म्हणून बघा, पुढचा विचारेल, कशाने? उलट ‘बँकेत’ डोक्यात असल्यामुळे आपण इंग्रजीत ‘जॉइन्ड इन द बँक’ म्हणतो, ते चूक. तिथे ‘इन’ लागत नाही. ‘जॉइन इन’ म्हणजे चाललेल्या गाण्यात-खेळात आपणही भाग घेणं.

राहिलं शुद्ध मराठी. ‘रुजू’ अरबी आहे, ‘सामील’ही. दोन्ही शब्द मी रोज वापरतो, माझी काही तक्रार नाही. फक्त अरबीत ‘रुजू’चा अर्थ परत येणं. तेव्हा मुळावरच बोट ठेवायचं, तर नव्या नोकरीवर पहिल्याच दिवशी कुणी रुजू होऊच शकत नाही. रजा संपवून परतलेला कारकून तेवढा होतो.