स्विच बदलूनही ब्रेक लाइट विझत नाही तेव्हा : साताऱ्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की ब्रेक लाइट विझत नसेल तर स्विच गेला, नवा बसवला की काम संपलं. निप्पल, रॉड, टेस्ट लॅम्प सांगून मी लोकांना उगाच घाबरवतो. पुढे तुम्हीच लिहिता, की तुमच्या अँबॅसॅडरचा स्विच दोनदा बदलला, दर वेळी काढताना ऑइल सांडलं, काही दिवस ठीक गेले, आणि पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत आलं की दिवा पुन्हा पेटलेलाच. सकाळी मात्र विझलेला असतो. म्हणून आता वायरच काढून ठेवली आहे.

स्विच जातो, यात वाद नाही. 21 वॉटचे दोन बल्ब, म्हणजे 12 व्होल्टला साडेतीन अँपिअर, त्या एवढ्याशा पत्रीतून जातात. पत्री जळून चिकटते. पण लागोपाठ दोन नवे स्विच चिकटावेत, तेही घाट उतरल्यावर, आणि सकाळी आपोआप सुटावेत? हे काही पटत नाही.

काढताना ऑइल सांडलं, म्हणजे तुमचा स्विच पेडलच्या दांडीवर नाही, ब्रेक ऑइलच्या नळीवर, म्हणजे लाइनवर आहे. ऑइलचा दाब वाढला की आतला पडदा ढकलला जातो आणि दिवा लागतो. असा स्विच पान्यानं सैल केला, की लाइनमध्ये कोंडलेला दाब आट्यांतून निसटतो. दिवा विझतो तो त्यामुळे. नाव होतं नव्या स्विचचं.

पुढच्या वेळी घाटाखाली दिवा पेटला की सपाट जागी थांबा, चाकांना दगड लावा. (वायर आधी परत जोडलेली हवी.) ड्रमला हात लावू नका, चांगलाच भाजतो. स्विचची एक वायर उपसून बघा. दिवा विझला तर बिघाड स्विचच्या बाजूला. वायर पुन्हा लावा, एका चाकाच्या निप्पलला (लाइनमधली हवा काढायचा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी घाला, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निप्पल अर्धा आटा उघडा. ऑइलची पिचकारी उडून दिवा विझला, तर स्विच निर्दोष आहे. दाब कोंडला होता. नुसते चार थेंब ओघळले आणि दिवा तसाच राहिला, तर तुमचं खरं, स्विच बदला. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये किंचित दाब मुद्दाम राखलेला असतो, तेवढ्यानं स्विच लागत नाही.

आता दाब का कोंडतो. तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय मास्टर सिलिंडरच्या रॉडवर. पेडल दाबलं की हाच रॉड सिलिंडरातला पिस्टन ढकलतो आणि ऑइलवर दाब येतो. पेडल सोडल्यावर रॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण 1 मिलिमीटर मोकळी जागा लागते. कुणीतरी 'पेडल वर पाहिजे' म्हणून रॉड लांब केला, की ती जागा संपते. पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि त्याचं रबर ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकून बसतं. घाटात ऑइल तापून फुगतं, टाकीत परतायला वाट नसते, ब्रेक स्वतःच लागत जातात, त्यानं आणखी तापतं. रात्रभर गाडी गार झाली की दाब उतरतो आणि सकाळी सगळं सुरळीत. टाकीचं झाकण उघडून पेडल दाबून सोडायला सांगा. सोडताना तळातून बारीक कारंजं उसळलं तर भोक मोकळं आहे. तोंड जरा लांब ठेवा, आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

रॉड बरोबर असूनही कारंजं नसेल, तर रबर फुगलंय. ब्रेक ऑइलमध्ये कधी इंजिन ऑइल पडलं, किंवा भाग रॉकेलनं धुतले, तर हेच होतं. तेव्हा एक वॉशर बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे रबराचे किट, होज (रबरी नळ्या), सगळं बदलायचं, लाइन धुऊन पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरायचं. एकच चाक धरत असेल, तर त्याचा रबरी होज आतून सुजलेला असू शकतो; बाहेरून नवाकोरा दिसतो.

वायर उपसूनही दिवा पेटलेलाच राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. मग मागच्या दिव्यात बघायचं. फक्त पार्किंग लाइट लावल्यावर असं होत असेल, तर गंजलेलं अर्थिंग, किंवा होल्डरमधली फायबरची चकती झिजून दोन पिना एकमेकींना चिकटलेल्या. 21/5 वॉटच्या बल्बच्या बगलेतल्या दोन खुंट्या वरखाली असतात, तरी झिजलेल्या होल्डरमध्ये तो दामटून उलटा बसवणारे महाभाग आहेत. जुन्या गाडीत वायरच्या रंगांवर भरवसा नको, टेस्ट लॅम्पच (करंट येतो का ते दाखवणारा वायरीचा दिवा) खरा.

वायर काढण्याचा उपाय मात्र मला मुळीच मान्य नाही. पुणे-बेंगळुरू हायवेवर मागच्या ट्रकला तुम्ही ब्रेक मारलाय हे कळणारच नाही. शिवाय चाकं धरलेलीच राहतात, फक्त तुम्हाला सांगणारा दिवा बंद होतो. असंच तापत राहिलं तर ऑइल उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं.

तेव्हा वायर आजच जोडा आणि रॉड तपासेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. तिसरा स्विच घेतलाच असेल तर त्याच्या निमुळत्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तुकडे लाइनमध्ये जातात. बसवल्यावर हवा काढून घ्या. रॉडचा प्ले, म्हणजे ती मोकळी जागा, किती निघाला ते इथेच लिहा.