‘त्यांना काही होत नाही’ हे मोजलं कोणी?

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. सोबत फोटो आहे, नदीचं पाणी ओंजळीने पिणाऱ्या एका मुलाचा. मजकुराचा सारांश असा: वाहती नदी स्वतःला स्वच्छ करते. आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पितात आणि ठणठणीत राहतात, कारण त्यांच्या अंगाला ते सवयीचं झालंय. क्लोरीन आणि फिल्टरमुळे आपणच नाजूक झालो. तेव्हा त्यांच्यावर नळयोजना लादू नका. मी प्रयोगशाळेत शौचाचे नमुने तपासते. हा मजकूर मला चौघांनी प्रेमाने पाठवला, म्हणून सविस्तर उत्तर देते.

‘वाहतं पाणी शुद्ध असतं.’ यात अर्धं खरं आहे. वाहत्या पाण्यात प्राणवायू मिसळतो, घाण कुजून संपते, पुष्कळसे जिवाणू मरतात. पण परजीवींचं गणित वेगळं आहे. जिआर्डिया घ्या, आतड्यात राहून जुलाब करणारा परजीवी. स्लाइडवर आयोडीनचा थेंब टाकून काच ठेवली की पिवळसर-तपकिरी लंबगोल कोष दिसतात, नीट पाहिलं तर आत दोन ते चार केंद्रकं. हा कोष जेमतेम 10 मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान. त्याला कवच असतं आणि थंड पाण्यात तो दोन-तीन महिने टिकतो. वरच्या अंगाला एखादं जनावर पाण्यात हगलं की खालच्या गावापर्यंत तो आरामात पोचतो. असे दहा कोष पोटात गेले तरी आजार व्हायला पुरतात. पाणी नितळ दिसतंय यावरून काहीच ठरत नाही.

उलट वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा स्वतःचा एक रोग आहे, नदी-अंधत्व. त्याचा जंत पाण्यातून पोटात जात नाही, काळ्या माशीच्या चाव्यातून अंगात शिरतो. पण त्या माशीच्या अळ्या वाढतात त्या खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातच. कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला या देशांनी 2013 ते 2016 या काळात हा रोग हटवला. अमेरिका खंडात तो शेवटी चिवटपणे उरला तो ब्राझील-व्हेनेझुएला सीमेवरच्या जंगलात, यानोमामी लोकांच्या मुलखात.

‘प्यायचं पाणी गाळलं की झालं’ असंही त्या मजकुराखाली कोणीतरी लिहिलंय. सिस्टोसोमा या जंताला तुम्ही पाणी पिण्याची गरजच नसते. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या अंगातून त्याच्या अळ्या बाहेर पडतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून कपडे धुणारी बाई, डुंबणारी पोरं, जाळं ओढणारा कोळी, यांनी करायचं काय? लघवीतून रक्त जातं, यकृत सुजतं, बायकांच्या गर्भाशयमुखाला जखमा होतात आणि त्या कित्येकदा लैंगिक आजार समजून लपवल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2021 साली 25 कोटींहून जास्त माणसांना यावरच्या प्रतिबंधक औषधाची गरज होती. औषध आहे, प्राझिक्वान्टेल. गोळ्या घेतल्या की जंत मरतात. पण दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा त्याच घाटावर जाते.

आता मुख्य दावा, ‘त्यांना सवय झालीय.’ मला सर्वात जास्त राग याचाच येतो. नारू आठवा. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळत आठवडेच्या आठवडे ओढावा लागायचा. हा रोग माणसाबरोबर हजारो वर्षं राहिला. इतक्या पिढ्यांत सवय झाली का? नाही. त्याच माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा नारू व्हायचा. 1986 साली जगात अंदाजे 35 लाख रुग्ण होते, 2023 साली 14. लस नव्हती, औषध नव्हतं. पाणी कापडातून गाळून प्यायलं, जंत बाहेर पडताना पायावरचा फोड फुटलेल्या माणसाला तळ्यात उतरू दिलं नाही, आणि घरोघर फिरणाऱ्या माणसांनी ते वर्षानुवर्षं सांगितलं. (नारूचा वाहक पाणपिसू डोळ्याला दिसण्याइतका मोठा, म्हणून कापडात अडकतो. जिआर्डियाचा कोष त्याच कापडातून सहज निसटतो. एकाचा उपाय दुसऱ्याला लावू नका.)

काही संसर्गांत थोडीफार प्रतिकारशक्ती येते, हे मान्य. जिआर्डिया वारंवार होणाऱ्या भागात मोठ्या माणसांना बहुतेकदा जुलाब होत नाहीत. पण ती ताकद बालपणाच्या बदल्यात मिळते. अगदी लहान वयात जिआर्डिया आतड्यात ठाण मांडून बसला की जुलाब दिसले नाहीत तरी उंची मागे पडते. फोटोतलं मूल हसतंय हे खरं. पण त्याचं वय आणि उंची कोणी लिहून ठेवलीय? आणि जी मुलं दोन वर्षांचीही झाली नाहीत, ती ‘ठणठणीत’ म्हाताऱ्यांच्या फोटोत येणार कुठून?

इथे काही जण बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासी लोकांचा दाखला देतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या 705 प्रौढांचं स्कॅन झालं आणि 85 टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा साठा आढळला नाही. अभ्यास खरा आहे, मोलाचा आहे. पण याच लोकांत जंतांचे आणि इतर संसर्ग सर्रास आढळतात, हेही त्याच संशोधकांनी लिहिलंय. धमन्या मोकळ्या राहण्याचं कारण संशोधकांच्या मते मुख्यतः दिवसभराची अंगमेहनत आणि आहार. गढूळ पाण्याला त्याचं श्रेय देण्याचं कारण नाही.

‘क्लोरीनने आपण नाजूक झालो’ हे तर सरळ चूक. क्लोरीन सगळ्यावर चालत नाही, एवढं मात्र खरं. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी नळाच्या पाण्यातून पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होतं, त्याला हा जीव दाद देत नाही. गाळणी कमी पडली होती. यातून निघतं ते एवढंच की गाळणही हवं आणि निर्जंतुकीकरणही. ते नसेल तर पाण्याला खळखळून एक मिनिट उकळी आणा, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. रोजच्या सरपणाचा भार अर्थात बायकांच्याच डोक्यावर येतो.

राहिलं ‘लादू नका’. नदी जशी होती तशी तिला कोणी ठेवलीय? पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीच्या मुखाशी 1986 साली डियामा धरण पुरं झालं. खारं पाणी आत यायचं थांबलं, गोगलगायी फोफावल्या, त्यांना खाणाऱ्या कोळंबीची वाट अडली, आणि काही वर्षांतच काठावरच्या वस्त्यांत सिस्टोसोमाची लाट आली. हे बदल काठावरच्या माणसांनी मागितले नव्हते. स्वच्छ पाणी मात्र त्यांनी स्वतः मागितलंय, कोर्टात जाऊनसुद्धा. कॅनडातल्या मूलनिवासी समाजांनी पिण्याच्या पाण्यासाठी सरकारवर दावा लावला आणि 2021 साली आठ अब्ज कॅनेडियन डॉलरचा समझोता झाला. त्यांच्यातल्या नेस्कांटागा वस्तीत ‘पाणी उकळूनच प्या’ ही सूचना 1995 च्या फेब्रुवारीत लागली. तीस वर्षं उलटली तरी ती उठली नव्हती. त्या वर्षी तिथे जन्मलेली मुलं आता आईबापाच्या वयाची आहेत.