डुंगरवाडीची गिधाडं टॉवरमुळे गेली नाहीत

सध्या वॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. मुंबईत मलबार हिलवर उंच इमारतींचे टॉवर झाले म्हणून डुंगरवाडीतली, म्हणजे पारशांच्या तिथल्या अंत्यसंस्काराच्या जागेतली, गिधाडं उडून गेली, गिधाडं नाहीत म्हणून पारशांनी दोखमा (मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायची, भिंतीने वेढलेली गोल जागा) सोडला, आणि आता पिंजऱ्यात गिधाडं पाळली की प्रश्न मिटला, असं त्यात ठासून म्हटलंय. तिन्ही गोष्टी चूक आहेत. पहिली तर खऱ्या कारणावर पांघरूण घालणारी आहे.

टॉवरचंच कारण असेल, तर राजस्थानात भरतपूरच्या केवलादेवमध्ये कुठले टॉवर होते? नव्वदच्या दशकात तिथली गिधाडं माना टाकून झाडांवर बसलेली दिसत आणि मग मरून पडत. पाकिस्तानातल्या पंजाबातही हेच घडलं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जेमतेम हजारात एक उरली. २००४ साली कारण समोर आलं: गुरांना सर्रास टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. जनावर लंगडलं, ताप आला, कास सुजली की हेच इंजेक्शन. ते जनावर लगेच दगावलं तर औषध मांसात राहतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, हृदयावर आणि यकृतावर युरिक ॲसिडचा खडूसारखा पांढरा थर चढतो, आणि काही दिवसांत पक्षी मरतो. एका शवावर अख्खा थवा उतरतो, त्यामुळे शंभरातल्या एकाहून कमी शवांत विष असलं तरी जात संपायला पुरतं. त्यात जोडी वर्षाला एकच अंडं घालते. टॉवरमुळे डुंगरवाडीला त्रास झाला असेलही, पण गिधाडं मेली ती गोठ्यातल्या औषधाने.

पारशांनी दोखमा सोडला, हेही खरं नाही. आजही डुंगरवाडीत गेहसारणाच्या, म्हणजे अंत्यविधीच्या, प्रार्थना होतात, कुत्र्याला मृताचं दर्शन देऊन सगदीद हा विधी होतो, नस्सेसालार म्हणजे देह वाहून नेणारे सेवक देह आत नेतात. पूर्वी गिधाडांचा थवा तासाभरात जे काम उरकायचा, ते आता ऊन, घारी, कावळे आणि ऊन एकवटणाऱ्या सौर यंत्रणेवर सोपवलंय. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की यंत्रणाही हतबल. ज्यांना हे सोसवत नाही ते दहनाकडे वळले. वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ पासून त्यांच्यासाठी प्रार्थनागृह आहे. रतन टाटांवरही २०२४ मध्ये वरळीतच अंत्यसंस्कार झाले. ज्यांनी हा मार्ग घेतला त्यांना धर्म सोडल्याचं कुणी सुनावू नये. इराणमधल्या झरथुष्ट्री समाजाने, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या लोकांनी, तर आपल्याकडची गिधाडं संपण्याच्या कितीतरी आधीच दोखमे बंद करून दफन स्वीकारलं होतं.

राहिला पिंजरा. ही कल्पना जुनी आहे आणि तिच्यामागची कळकळ मला समजते. पण वयस्क माणूस शेवटच्या आजारात वेदनाशामकं घेतच असतो, आणि माणसांसाठी डायक्लोफेनॅक आजही मिळतं. औषध असलेला एक देह आत गेला तरी पाळलेला थवा धोक्यात येईल. प्रत्येक मृताने काय घेतलं होतं, याची खात्री रोज कोण देणार?

गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरवर आणली. २०२३ मध्ये गिधाडांना तशीच घातक असलेली गुरांसाठीची किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही वेदनाशामकंही बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना चालतं आणि गुरांनाही लागू पडतं. ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत त्यांनी डॉक्टरांकडे तेच मागावं.