९.८ गुणांचं स्थळ

चोराला एक सुख असतं, त्याला रिपोर्ट लिहावा लागत नाही. रात्री अकरा ते पहाटे चार एवढ्याच वेळात घरफोडी करा, निघण्याआधी ईमेल टाका, आणि आतलं काही फुटलं तर जबाबदारी तुमची, असल्या अटीही त्याला कुणी घालत नाही. आम्ही पेनटेस्टर, म्हणजे मालकाच्या परवानगीने हॅकिंग करणारी मंडळी, या सगळ्या अटींखाली सह्या करून लोकांच्या सर्व्हरमध्ये घुसतो. वर जीएसटीसह बिल देतो.

परवानगीपत्र आहे म्हणून हा धंदा, नसेल तर गुन्हा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली कलमं ४३ आणि ६६ एकत्र वाचली, तर मालकाला न विचारता लबाडीने त्याच्या संगणकात शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे पत्रातले आयपी पत्ते मी बोट ठेवून, पुटपुटत वाचते. बघणाऱ्याला वाटतं बाई स्तोत्र म्हणतायत.

क्लायंटचा फोन येतो तो असा: "मॅडम, व्हीएपीटी करून द्या, ऑडिटवाले मागतायत." यातल्या 'व्हीए'ला, म्हणजे त्रुटींची यादी काढण्याला, डोकं फारसं लागत नाही. स्कॅनर नावाचा प्रोग्रॅम सोडायचा, तो नेटवर्कभर दारं वाजवत फिरतो. वाटेत एखादा जुना प्रिंटर लागला तर त्याच्या ९१०० नंबरच्या पोर्टवर स्कॅनर जे बोलतो ते प्रिंटर इमानेइतबारे छापून काढतो, आणि अकाउंट्समधल्या बाई हातात अगम्य इंग्रजीचे कागद घेऊन विचारत येतात, हे कुणाचं आहे? तेवढं सोडलं तर सकाळपर्यंत भलीमोठी पीडीएफ तयार असते. लाल रंगात क्रिटिकल, नारिंगी रंगात हाय, पुढे पिवळं, हिरवं.

खरा छळ 'पीटी'चा, म्हणजे त्यातून खरंच आत शिरून दाखवण्याचा. या शेकडो भोकांपैकी नेमक्या कुठल्या भोकात हात घालायचा? सिनेमातला हॅकर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं बडवतो आणि अर्ध्या मिनिटात "मी आत आहे" म्हणतो. मी एक्सेल उघडून सॉर्ट करते. मग दुसऱ्या कॉलमने सॉर्ट करते. मग चहा.

पहिला कॉलम असतो सीव्हीएसएस, म्हणजे त्या त्रुटीला दहापैकी मिळालेले गुण. त्याकडे बघताना मला हटकून पत्रिका जुळवणं आठवतं. गुरुजी छत्तीसपैकी बत्तीस गुण काढून देतात. त्यांनी मुलगा पाहिलेला नसतो, मुलगीही नसते, आणि सासूचा स्वभाव तर पत्रिकेत कुठेच लिहिलेला नसतो. सीव्हीएसएसचा मूळ स्कोअरही तसाच, तुमचं नेटवर्क न बघता काढलेला. त्रुटी लांबून वापरता येते का, लॉगिन लागतं का, आत गेल्यावर नुकसान किती, एवढ्यावरून ९.८. तो सर्व्हर इंटरनेटवर उघडा आहे की तळघरात कुलपात, त्यावर पगाराचा डेटा आहे की कँटीनचा मेनू, हे गुरुजींना ठाऊक नसतं. नियमांत त्यासाठी वेगळे रकाने दिलेत, आपण आपल्या परिस्थितीनुसार भरावेत म्हणून. ते भरलेले मी अजून कुठे पाहिले नाहीत.

उलटीही उदाहरणं आहेत. २०१४च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड बाहेर आलं, ओपनएसएसएल या सुरक्षेसाठीच वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी. सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्ड आणि खासगी किल्ल्या हळूच चोरता येत होत्या, अर्ध्या जगाची झोप उडाली. तेव्हाच्या पद्धतीने त्याला गुण मिळाले ५. दहापैकी पाच, म्हणजे मध्यम. कारण फक्त वाचता येत होतं, बदलता किंवा बंद पाडता येत नव्हतं. म्हणजे स्थळ मध्यम, आणि त्यानेच घर बुडवलं!

म्हणून माझा जीव दुसऱ्या दोन याद्यांवर. एक ईपीएसएस, ती सांगते की येत्या तीस दिवसांत ही त्रुटी कुणीतरी प्रत्यक्ष वापरण्याची शक्यता किती. दुसरी केव्ह, अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने २०२१च्या नोव्हेंबरात सुरू केलेली. तिच्यात फक्त अशा त्रुटी, ज्या वापरून कुणाचं तरी घर आधीच लुटलं गेलंय. जाहीर होणाऱ्या त्रुटींपैकी हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या फार थोड्या असतात. त्या थोड्यांची ही यादी. क्लायंटसमोर ती ठेवली की ९.८च्या लाल रांगा बघून घामाघूम झालेला माणूस जरा श्वास घेतो. मग त्यातली एक त्याच्याकडे सापडते, आणि पुन्हा घाम.

याआधी अर्थात खोटे गुन्हेगार सोडून द्यावे लागतात. स्कॅनर नुसती पाटी वाचतो, म्हणजे सर्व्हर आपल्या सॉफ्टवेअरचं जे नाव-आवृत्ती सांगतो ते. पाटीवर 'ओपनएसएसएच ७.४' दिसलं की त्या आवृत्तीची सगळी जुनी पापं त्या सर्व्हरच्या नावावर चढवतो. पण रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये दुरुस्ती मागच्या दाराने येते, आवृत्तीचा नंबर तोच राहतो. हे समजावताना क्लायंटच्या अ‍ॅडमिनचा चेहरा बघावा.

"मॅडम, पॅच मारलाय."

"रिपोर्ट नाही म्हणतोय."

"रिपोर्टला काय कळतंय? मी मारलाय." मग तो तावातावाने पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, उघडतो, ओळी सरसर वर जातात, आणि एका ओळीवर नखाने टकटक करून दाखवतो. त्रुटीचा नंबर, म्हणजे सीव्हीई, तिथे असतो. मी ती रांग खोडते. त्या क्षणापासून अ‍ॅडमिन आपला माणूस होतो, आणि हा फायदा कुठल्याही एक्स्प्लॉइटपेक्षा, म्हणजे त्रुटीतून आत घुसवणाऱ्या कोडपेक्षा, मोठा. कारण खरी माहिती पीडीएफमध्ये नसते, ती त्याच्या पोटात असते.

उरलेल्या यादीसाठी मेटास्प्लॉइटकडे वळायचं. २००३ पासूनचं हे एक्स्प्लॉइटचं भांडार, आणि यात प्रत्येक एक्स्प्लॉइटला शेरा दिलेला असतो: एक्सलंट, ग्रेट, गुड, नॉर्मल, अ‍ॅव्हरेज, लो, मॅन्युअल. नवख्या पोरांना वाटतं हा शेरा ताकदीचा. तो आहे भरवशाचा. एक्सलंट म्हणजे हा वापरून समोरची सेवा कधीच कोसळणार नाही. आणि विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीवरचा इटर्नलब्लू? मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये पॅच दिला, एप्रिलमध्ये एक्स्प्लॉइट चव्हाट्यावर आला, १२ मे रोजी त्याच्या जिवावर वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. एवढा पराक्रम करून शेरा मिळाला अ‍ॅव्हरेज! कारण तो थेट कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, मेमरीत हात घालतो, आणि हात चुकला की मशीन कोसळून निळा पडदा. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधल्या त्रुटीवरच्या ब्लूकीपचं तर आणखी पुढचं. त्याचा शेरा मॅन्युअल, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर वापरा. २०१९च्या अखेरीस हल्लेखोरांनी तो वापरायला घेतला आणि पकडला गेला कसा, तर संशोधकांनी आमिष म्हणून ठेवलेली मशीनं एकामागून एक निळी पडायला लागली. चोरांनाही झेपला नाही.

आता चाकणच्या एका कारखान्यातली गोष्ट. सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात विंडोज सर्व्हर २००८ आर२, ज्याची मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये साथ सोडली. अंगावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. समोर सेलोटेपने चिकटवलेला कागद: 'बंद करू नये. हात लावू नये. विचारू नये.' त्यावर डिस्पॅचची चलनं निघतात. आणि स्कॅनर सांगतोय, इटर्नलब्लूला हे उघडं आहे.

आमच्या टीममधल्या पोराचे डोळे चमकले. "ताई, मारू?"

आयटीचे साहेब मागे उभे. "मारा की. फक्त बंद पडलं तर सकाळी सहाला गाड्या निघणार नाहीत, आणि मग मी कुठे निघायचं ते तुम्हीच सांगा."

"साहेब, न मारताही त्रुटी आहे हे तपासता येतं. नुसतं दार ढकलून बघायचं, आत जायचं नाही. तेवढा पुरावा रिपोर्टला पुरतो."

"तुमच्या रिपोर्टला पुरतो हो. वरच्यांना पुरत नाही. स्क्रीनवर फोल्डर उघडलेला दिसल्याशिवाय नवीन सर्व्हरचे पैसे मंजूर होत नाहीत."

म्हणजे घुसलं नाही तर बजेट नाही, घुसलं आणि पडलं तर चलन नाही. शेवटचा उपाय म्हणून मी विचारलं, बॅकअप आहे ना?

"आहे की. रोजचा रोज."

"कुठे?"

साहेबांनी त्याच मशीनकडे बोट केलं. डी ड्राइव्ह.

पोराला मी दुसऱ्या कामाला लावलं. इंटरनेटवरून एक सुटा एक्स्प्लॉइट त्याने उतरवून ठेवला होता, तो आधी वाचून काढ म्हटलं. लोकांनी फुकट टाकलेल्या या कोडचा प्रकार म्हणजे दैवावर हवाला. बऱ्याचदा ते पायथन २ मध्ये असतं, जे १ जानेवारी २०२० लाच निवृत्त झालं. पायथन ३ ला प्रिंटपुढे कंस लागतात, इथे ते नाहीत, म्हणून पहिल्याच ओळीला बोंब. कंस घालून दिले की स्ट्रिंग आणि बाइट्सचं भांडण सुरू. काही सज्जन मुद्दाम एखादी ओळ चुकीची ठेवतात, कळणाऱ्यानेच वापरावं म्हणून. आणि काही दुर्जन कोडच्या पोटात एक न वाचता येणारा गठ्ठा ठेवतात, जो समोरच्याऐवजी चालवणाऱ्याचंच मशीन साफ करतो. गठ्ठ्यात काय आहे हे उलगडत नाही तोवर आमच्याकडे तो कोड चालत नाही. पोराने तासभर वाचलं आणि म्हणाला, "ताई, यात नुसतं कॅल्क्युलेटर उघडतं." बिचारा हिरमुसला. मला हायसं वाटलं. कॅल्क्युलेटर उघडल्याने कुणाच्या गाड्या थांबल्याचं ऐकिवात नाही.

पहाटेचे तीन वाजत आले होते, वेळ संपत आली. एक्सेलमध्ये क्रिटिकलच्या रांगा तशाच लाल. तेवढ्यात आपला माणूस झालेला तो अ‍ॅडमिन वेफर्सचं पाकीट पुढे करत म्हणाला, "कॉमन फोल्डर बघितलंत का?"

कॉमन फोल्डर. कुणालाही, लॉगिन न करता, उघडणारा. त्यात वाढदिवसाचे फोटो, २०१९च्या सुट्ट्यांची यादी, आणि 'आयटी महत्त्वाचे.एक्सएलएस' नावाची फाइल. फाइलला पासवर्ड होता. पासवर्ड काय असावा याचा विचार करत पोराने कंपनीचं नाव आणि पुढे १२३ टाकलं. उघडली. पहिल्या शीटमध्ये, सगळ्या मशीनांची किल्ली हातात असलेल्या डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड. त्यानेच कोपऱ्यातला तो धुळीचा सर्व्हरही सरळ, सभ्यपणे, पुढच्या दाराने उघडला. चलनं निघत राहिली. स्क्रीनशॉट काढला, फोल्डर उघडलेला दिसेल असा.

रिपोर्ट सादर करायच्या दिवशी वरच्यांपैकी एकाने पहिला प्रश्न विचारला, "याचा सीव्हीई नंबर काय?"

"नाही सर. याला नंबर नसतो."

"मग सीव्हीएसएस?"

"तोही सगळ्यांसाठी ठरलेला नसतो. आम्ही क्रिटिकल लिहिलंय."

"स्कोअर नसताना क्रिटिकल कसं? आमच्या फॉरमॅटमध्ये स्कोअरचा रकाना रिकामा चालत नाही." अर्धा तास त्या रकान्यावर चर्चा झाली. सर्व्हरवर पाच मिनिटं. नवीन घ्यायचा ठरला, पुढच्या आर्थिक वर्षात.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला गेलो. अ‍ॅडमिन दारातच भेटला, चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान.

"पासवर्ड बदलला, मॅडम. सोळा अक्षरी."

"वा! आणि ती फाइल?"

"तीपण अपडेट केली ना लगेच."