एकाला तरी सोबत घ्या

दृढीकरण झालेली, म्हणजे चर्चसमोर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केलेली मुलं वर्षभरात चर्चमधून दिसेनाशी का होतात, हा प्रश्न आमच्या मंडळीच्या प्रत्येक वार्षिक सभेत निघतो. उत्तरंही ठरलेली. मोबाईल, क्लास, पुण्याची नोकरी. मला हे पटत नाही. मुलं जातात कारण त्यांचं असं एकही माणूस मंडळीत नसतं. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार पाठ म्हणून दाखवलं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, फोटो झाले, की सगळे मोकळे. पुढच्या आठवड्यात त्या पोराला "काय रे, कसं चाललंय तुझं?" असं विचारणारं कोण?

येशूने बारा जण निवडले, तेव्हा येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान लिहिणारा मार्क पहिलं कारण सांगतो ते हे, की त्यांनी त्याच्याबरोबर असावं. उपदेशाला पाठवणं त्यानंतर. त्याच्याबरोबर ते चालले, जेवले, वादळात घाबरले, आपल्यात मोठा कोण यावरून भांडलेसुद्धा. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 28व्या अध्यायातली 'सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा' ही आज्ञा आपण दरवर्षी संजीवन सभेच्या, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या मोठ्या मेळाव्याच्या बॅनरवर छापतो. पण त्या आज्ञेचा पुढचा भाग, म्हणजे त्याने सांगितलेलं सगळं पाळायला शिकवणं, मंडपात आणि माईकवरून होत नाही. भावकीत जमिनीचा वाद पेटलेला असताना क्षमा कशी करायची, पगार झाला की गरजवंताचा वाटा आधी कसा काढायचा, हे कुणाचं तरी बघूनच शिकावं लागतं.

मिरजकरांना तर हे नव्यानं सांगायची गरज नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये इथं दवाखाना उभा केला आणि 1897 मध्ये लगेच वैद्यकीय शाळा काढली. सगळ्या शस्त्रक्रिया आपणच करत बसले असते, तर त्यांच्यामागं काय उरलं असतं?

आमच्या ओळखीच्या एक निवृत्त सिस्टर आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. नर्सिंग शिकणाऱ्या दोन-तीन मुली संध्याकाळी त्यांच्याकडं चहाला येतात आणि मार्कचं शुभवर्तमान वाचतात. मी एकदा तिथं होतो. येशू भूतग्रस्ताला बरं करतो, तो पाचवा अध्याय चालला होता. एका मुलीनं विचारलं, "मावशी, भुतं डुकरांत गेली म्हणजे नेमकं काय झालं?" मावशी म्हणाल्या, "आधी पुढं वाच की. तो माणूस आता कसा बसलाय?" "कपडे घालून. शुद्धीवर." "आणि आधी?" "थडग्यांत राहायचा. ओरडायचा, दगडांनी अंग ठेचून घ्यायचा." मग मावशींनी विचारलं, "तुझ्या वॉर्डात असा कोण आहे गं, ज्याच्याजवळ कुणी जात नाही?" ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं एका पेशंटचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. डुकरांचा प्रश्नही मावशींनी टाळला नाही, पण तो नंतर घेतला. एवढं शिक्षण मला कुठल्याही शिबिरात मिळालेलं नाही.

विश्वास दुसऱ्यापर्यंत पोचवायचा म्हटलं की हल्ली लगेच धर्मांतराचा वाद उभा राहतो, म्हणून हेही स्पष्ट लिहितो. आमिष दाखवून किंवा दबाव टाकून शिष्य होत नाही, झालाच तर तो येशूचा नसतो. ज्यांची भजनं आपण रविवारी गातो, त्या कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी, 1900 मध्ये, त्यांचा स्वतःचा निर्णय झाल्यावर. पुढं 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि आपल्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा संघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 1919 मध्ये ते गेले, त्यामुळे तो दरबार फार वाढला नाही. सातारच्या मंडळ्यांनी तो धागा पुन्हा हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

"आम्ही कुठं एवढे शिकलेलो" असं वडीलधारे म्हणतात. बायबलमधले अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं म्हणजे तंबू शिवणारी माणसं होती. आलेक्सांद्रियाचा अपुल्लो मोठा वक्ता आणि शास्त्रांत निपुण, पण त्याला फक्त येशूची वाट तयार करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. या नवरा-बायकोनं त्याला सभास्थानात सगळ्यांसमोर टोकलं नाही. जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला.

म्हणून माझं मंडळीतल्या प्रत्येक वडीलधाऱ्यांना, महिला मंडळातल्या प्रत्येक काकूंना सांगणं आहे, की यंदा एक मूल निवडा. आपलंच असायला हवं असं नाही. त्याच्या आईबापांना आधी विचारा, बैठक घरात चारचौघांसमोर ठेवा. मार्कपासून सुरुवात करा, सोळाच अध्याय आहेत. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "पाळकांना विचारून सांगतो" म्हणा आणि खरोखर विचारा. आजाऱ्याला भेटायला जाताना त्याला बरोबर न्या. आणि पुढच्या वार्षिक अहवालात देणगीच्या आकड्याशेजारी एक ओळ वाढवा, मंडळीत कोण कोणाबरोबर बसतंय याची.