बर्फाखालचा ट्राउट

कॅनडातल्या ग्रेट स्लेव्ह लेकवर बर्फ फुटायची वाट पाहत लेक ट्राउट नावाचा मासा पकडणाऱ्यांबद्दल वाचून फार छान वाटलं. थोडी भर घालतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की हा मासा खोल जातो, आणि हे तळं तर ६१४ मीटर खोल! हिवाळ्यात बर्फाखालचं पाणी ० ते ४ अंश असतं, म्हणून तो उथळ पाण्यातही फिरतो आणि बर्फाला पाडलेल्या भोकातून गळाला लागतो. मांस तेलकट, बांगड्यासारखं नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर टाकलं तरी मस्त. पण तो फार सावकाश वाढतो, मोठा मासा कित्येक दशकांचा असू शकतो. म्हणून खायला दोन किलोचाच ठेवावा, धूड लागलं तर सोडून द्यावं. तेही झटपट, कारण त्या थंडीत बाहेर काढल्यावर कल्ले लगेच गोठतात.